हिराजीमामांची चाल

गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर ‘हिराजीमामा गेले’ एवढाच मजकूर आला, तेव्हा मी मच्छीमार सोसायटीच्या कामासाठी अलिबागला होतो. रेवदंड्याला परतताना रिक्षात बसून मी मोजले. त्रेचाळीस जणांनी हात जोडले होते आणि एकाने विचारले होते, ‘कोण?’ त्याच्याच वर आदल्या दिवशीचा हळदीचा व्हिडिओ होता. डीजेवर पोरे नाचत होती आणि वाजत होती ती चाल हिराजीमामांचीच. ‘कोण?’ विचारणारा पहिल्या रांगेत नाचत होता. त्याचा दोष नाही. दोष कोणाचा ते मला ठाऊक आहे, आणि महिना उलटला तरी ते लिहायला हात उचलत नव्हता.

हिराजीमामा बेंजो वाजवायचे. टाइपरायटरसारखी बटणे एका हाताने दाबायची, दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या, असे ते वाद्य. एरवी ते होडीवर असत, लग्नसराईत सात जणांच्या बेंजो पार्टीत. नात्याने माझे कोणी नव्हेत. आमच्याच आळीत राहायचे, माझ्या आईला बहीण मानायचे, म्हणून मामा. बॅनरवर नाव असते ते गाणाऱ्याचे. पण पाटावर बसलेल्या म्हातारीलाही नाचायला उठवतो तो बेंजो, आणि मामांनी त्या चालीला हात घातला की मांडवात बसून राहणारा माणूस मी पाहिलेला नाही.

मी बावीस वर्षांचा असताना पार्टीची एक कॅसेट निघाली. मुंबईहून आलेल्या माणसाने छापील कागद पुढे केला आणि माझे अक्षर चांगले म्हणून तो भरायला मला बसवले. गाणारा कोण, ढोलकी कोणाची, सगळे लिहिले. ‘चाल कोणाची’ या रकान्याशी थांबून मी मामांकडे पाहिले. सोबतचे सहाही जण समोर बसले होते. मामा म्हणाले, “लिव, गावची.” आमच्याकडे तसेच बोलतात. जाळे सगळ्यांनी मिळून ओढायचे, मग म्हावरा एकट्याचा कसा म्हणायचा? चालीचेही तेच. दहा माणसांत ‘माझी’ म्हणणारा हलका ठरतो. चाल मामांचीच, हे गावात सगळे बोलत. मीही ऐकून होतो. पण मुंबईचा माणूस म्हणाला, गावची असे लिहीत नाहीत, पारंपरिक लिहा. मी लिहिले. शब्द भारदस्त वाटला, मी तो जरा वळणदारच काढला... कॅसेटवरून ती चाल सीडीवर गेली, तिथून डीजेवाल्यांकडे. मध्यंतरी फोनवर शोधले, तर तिची एकोणीस रूपे सापडली. एकोणीसही ठिकाणी तोच शब्द, माझा.

मामांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही, गेल्या वर्षापर्यंत. त्यांची नात अक्षता कॉलेजात आहे. स्नेहसंमेलनात त्या चालीवर नाच बसवला होता आणि सरांनी ती शेकडो वर्षांची असल्याचे सांगितले. अक्षता म्हणाली, ही माझ्या आबांनी केली आहे. सगळे हसले. ते तिने सोसले. पण घरी येऊन तिने आबांना विचारले, खरंच तुम्हीच केलीत ना? मामांना पोरांचे हसणे लागले नाही, हा प्रश्न लागला. दुसऱ्या दिवशी ते माझ्या दारात उभे. “एक कागद दे. तुज्या अक्षरात. पोरीला दावायचाय.”

मी काय म्हणालो? मामा, तुम्ही चाल केलीत तेव्हा मी हजर नव्हतो, मग मी कसे लिहून देऊ? कोणी साक्षीदार आणा. मी आयुष्यभर सोसायटीचे दप्तर सांभाळले. न पाहिलेल्या गोष्टीखाली सही केली नाही, याचा मला अभिमान होता. पार्टीतले दोघेच उरले होते. मामा त्यांच्याकडे जाऊन आले. दोघांनीही सांगितले, चाल गावचीच. मामा एकूण चार वेळा माझ्याकडे आले. चौथ्यांदा पायरीवरूनच म्हणाले, “काय क्लार्क, शाई सुकली का?” मी म्हणालो, ऑडिट होऊ दे. ते हसले आणि गेले. ऑडिट झाले. मामा पुन्हा आले नाहीत, मीही गेलो नाही. त्यांचे घर माझ्यापासून सहावे.

बाराव्याला मी जनामामींना हे सगळे सांगितले. साक्षीदार मिळाला नाही हो, असे म्हणालो. त्या म्हणाल्या,

“मी व्हते ना तिथं. मना कवा इचारलंस?”

मग त्यांनी सांगितले. लग्नानंतरचा तिसरा पावसाळा, होड्या वर ओढलेल्या. पहिली मुलगी सहा महिन्यांची, तिला डांग्या खोकला. बेंजो ऐकला की ती रडायची थांबे, म्हणून मामा तिच्या उशाशी बसून वाजवत. त्या चालीत तिसऱ्या फेरीनंतर एक थांबा आहे. वाजवणारा विसरला की काय असे वाटावे, इतका लांब. तो मी हजार वेळा ऐकला असेन. “खोकता खोकता पोरीचा दम अडकायचा,” मामी म्हणाल्या, “तवा यांचा हात थांबायचा. दम आला का परत वाजवायचं.” मी पुढचे विचारले नाही. त्यांनीच सांगितले, “श्रावणात गेली.”

त्याच संध्याकाळी कागद लिहिला. चाल कोणी केली, कुठे, कशासाठी. खाली मामींचा अंगठा, माझी सही. अक्षताला नेऊन दिला. तिने उभ्यानेच वाचला, घडी केली आणि माझ्याच हातात परत दिली. “काका, मला आबांचं खरंच वाटत होतं. मी नुसतं विचारलं होतं. कागद आबांना हवा होता.”

कागद माझ्याकडेच आहे. तो कुठे द्यायचा, हे मला कळत नाही, आणि ज्यांना द्यायचा होता ते राहिले नाहीत. परवा दुपारी पलीकडच्या आळीत हळद होती. मी मामांच्या घरावरून चाललो होतो. मामी ओट्यावर बसून विळीवर बोंबील साफ करत होत्या. डीजेने ती चाल लावली. तिसरी फेरी संपली, चाल थांबली. त्या थांब्यावर पोरे आरडाओरडा करून उंच उडी मारतात, तशी रीतच पडली आहे. मामींचा हात विळीवर तसाच थांबला. मीही रस्त्यात उभा राहिलो. चाल पुढे सुरू झाली, तेव्हा त्यांनी श्वास सोडला आणि पुढचा बोंबील उचलला.