मुहूर्ताआधीचं पोतं

कोणत्याही यंत्राचा पहिला घास देवाचा असतो, असं माझ्या धंद्यात सगळे मानतात. तो देवापर्यंत पोचत मात्र नाही. पोचला तर देवाचं पोट बिघडेल.

धान्याच्या कारखान्यांत यंत्रं उभी करून द्यायची, त्यांचे पट्टे, पुल्या, गिअरबॉक्स जुळवायचे आणि पुढे ती बिघडली की शिव्या खायला जायचं, हे माझं काम. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत ते कोणाला नीट समजलेलं नाही. "अहो, तुम्ही गिरणीवाले ना? आमच्या घरघंटीचं जरा बघता का?" असं लिफ्टमध्ये विचारतात. मी बघतो. समजावून सांगण्यापेक्षा ते लवकर होतं.

तर पहिला घास. एलिव्हेटर म्हणजे धान्य खालून वर नेणारा बादल्यांचा उभा पट्टा. नवा एलिव्हेटर पहिल्यांदा फिरतो तेव्हा त्यात वेल्डिंगचे कण, लोखंडाचा कीस, ग्रीस, एखादा विसरलेला नट असं सगळं असतं. पहिलं पोतं ते सगळं पुसून घेतं आणि काळं होऊन बाहेर पडतं. ते फेकून द्यायचं. पण मालकांना मुहूर्त हवा असतो आणि मुहूर्ताआधी यंत्र फिरवलेलं त्यांना चालत नाही. म्हणून आम्ही आदल्या दिवशी मालक नसताना गुपचूप ट्रायल घेतो, सगळं पुसून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी प्रमुख पाहुण्यांनी बटण दाबलं की सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवतो. याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. उलट, देवाला ग्रीस खाण्यापासून आपण वाचवतो, असा थोडा अभिमानच होता.

वाघोलीचा कारखाना धान्य साफ करून पिशव्यांत भरण्याचा. मालकांची तिथे पिढ्यान्‌पिढ्यांची शेती होती. बहुतेक जमीन इमारतींखाली गेली आणि उरलेल्या तुकड्यावर हा कारखाना उभा राहिला. उद्घाटनाच्या आदल्या दुपारी घरची सगळी माणसं मांडव आणि पाहुणे यांच्या मागे होती. ट्रायलसाठी आम्ही नेहमी पशुखाद्याचा मका नेतो. त्या दिवशी मक्याचा टेम्पो स्वारगेटला अडकला.

"सर, थांबायचं का?" फिटरने विचारलं.

मालक केव्हाही परत आले असते. जिन्याखाली ज्वारीचं एक पोतं दिसत होतं.

"ते घे," मी म्हणालो. "संध्याकाळपर्यंत तसलंच आणून ठेवू."

पोत्यावर हळदीकुंकवाची बोटं होती. ती मी पाहिली होती. पण त्या दिवशी तिथे हळदीकुंकू कशावर नव्हतं? आमच्या वेल्डिंग मशीनवर होतं, आग विझवायच्या नळकांड्यावर होतं, मांडववाल्याच्या स्कूटरवरही होतं. हा युक्तिवाद मी नंतर स्वतःपुढे पुष्कळदा मांडला आहे. तो बिनतोड आहे आणि त्याचा काही उपयोग होत नाही.

ट्रायल उत्तम झाली. काळी झालेली ज्वारी शेडच्या मागे टाकली, नाक्यावरच्या दुकानातून दुसरी आणून त्याच पोत्यात भरली आणि तोंड शिवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तीन सत्कार आणि एक कविता झाल्यावर मालक बोलायला उभे राहिले. "हे पोतं म्हणजे आमच्या रानातली शेवटची ज्वारी," ते म्हणाले. "माझ्या आईनं राखून ठेवलेली. पहिला मान तिचा." त्यांच्या आई पुढे झाल्या. त्यांनी पोत्याला हात जोडले आणि ओंजळीने ज्वारी यंत्रात सोडली. फिटर माझ्याकडे बघत होता. मी प्रमुख पाहुण्यांकडे बघत होतो. ज्वारी वर गेली आणि लखलखीत होऊन खाली आली. तिचा नैवेद्य दाखवला आणि उरलेल्या ज्वारीच्या पुड्या बांधून आईंनी आम्हाला वाटल्या. मला देताना म्हणाल्या, "आमच्या रानातली हाय. जपून खा."

पुडी घरी आली.

"दळायला देऊ?" बायकोने विचारलं.

"नको."

"मग पाखरांना घालू?"

"नको."

"मग देवात ठेवते."

यावर मी उठून गॅलरीत गेलो. दुकानातल्या ज्वारीची इतकी बडदास्त आमच्या घरात कधी ठेवली गेली नव्हती.

भाद्रपद संपताना मी बेल्ट ताणायला वाघोलीला गेलो, तेव्हा आई शेडच्या पायरीवर बसल्या होत्या.

"साहेब, ती पुडी खाल्ली का हाय?"

"आहे."

"मग पसाभर परत द्या. कुंपणाकडंला दोन हात जागा हाय, पेरीन म्हणते. मी पोराला म्हणलं होतं, बियाण्यापुरती तरी ठेव. तर म्हणतो, आता पेरायची कुठं? सगळी त्या पोत्यात घातली. बाकीच्यांनी पुड्या खाऊन टाकल्या. तुम्हीच तेवढी ऱ्हाऊ दिली."

पसाभर ज्वारी देणं सोपं होतं. ती उगवलीही असती. आई रोज तिला पाणी घालत बसल्या असत्या आणि मी दर वेळी बेल्ट ताणायला आलो की कणसं बघून 'वा' म्हणालो असतो. हा विचार मी चांगला घोळवला, हेही सांगायला हवं.

"आई, ती ज्वारी तुमची नाही," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं. सांगताना ग्रीस आणि लोखंडाचा कीस यांच्यावर जरा जास्तच वेळ घालवला.

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "म्हंजे देवाला कुठली दावली?"

"नाक्यावरच्या दुकानातली."

"त्याची? त्याच्यात खडं असत्यात."

"माझं चुकलं, आई."

"चुकलंच की." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "माझी कुठं टाकली?"

"शेडच्या मागे. भिंतीला लागून."

"पाऊस चांगला झालाय. चार दाणं तरी उगवलं असत्याल."

"तिला तेल लागलं होतं."

"दाण्याचं तुम्ही मला सांगू नका," असं म्हणून त्या गुडघ्यावर हात रोवून उठल्या आणि चालायला लागल्या. मी मागे निघालो. मनातल्या मनात मी त्या भिंतीजवळ हिरवं काहीतरी असू दे म्हणत होतो. देवाकडे मी फारसं काही मागत नाही, आणि त्या नैवेद्यानंतर मागायला तोंडही नव्हतं.

शेडमागे आता भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक बसवलेले होते. त्यांच्यावर मालकांची मोठी पांढरी गाडी उभी होती. ब्लॉकच्या फटींतून गवत वर आलं होतं. गाडीखाली, पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला, एक पान गवतापेक्षा रुंद दिसत होतं. आई वाकल्या.

"तीच हाय का ओ?"

मी फरशीवर आडवा झालो, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. सावलीत काही कळेना. हात पोचेना.

"गाडी काढाया सांगा," आई म्हणाल्या.

मी वॉचमनला हाक मारली. तो म्हणाला, चावी ड्रायव्हरकडे आहे आणि ड्रायव्हर जेवायला गेलाय.