वर्षभराच्या प्रश्नांची पुस्तिका

परवा शुक्रवार पेठेतल्या छापखान्यासमोर ओल्या शाईचा वास आला आणि ते काका आठवले. तेव्हा मी आमच्या आमदारांच्या ऑफिसात कारकून होतो. साहेब सभागृहात शेवटच्या बाकावर बसायचे. वर्षभरात त्यांनी विचारलेले प्रश्न आणि सरकारची उत्तरं मी एका पुस्तिकेत छापून घ्यायचो. एका वर्षी ती न्यायला हे काका वळसंगच्या पुढच्या एका खेड्यातून भर उन्हात आले आणि टोपीनं घाम पुसत बसले. आरोग्य केंद्रात डॉक्टर नव्हते म्हणून त्यांची मुलगी बाळंतपणात गेली होती, आणि साहेबांनी त्यावर प्रश्न विचारला होता. "मला वाचता येत न्हाय. पोरीचं तेवढं वाचा की," ते म्हणाले. मी वाचलं: डॉक्टर नसल्यामुळे एका बाळंतिणीचा मृत्यू झाला, हे खरे आहे काय? खालचं उत्तर अशा पुस्तिकेत पानोपानी असतं, म्हणून त्याच सुरात तेही वाचून टाकलं: हे खरे नाही. काका माझ्या बोटाखालच्या त्या ओळीकडे बघत राहिले. "खरं न्हाय व्हय?" ते हळूच म्हणाले, "मग पोरगी कुटं हाय माझी?" त्या पानाची प्रुफं मीच दोनदा तपासली होती. आजही आठवतं, मला एकही चूक सापडली नव्हती.