उकळलेल्या अर्काचा रंग

कामठ्याच्या प्रेमिलाने गोंदियाच्या एका कॉलेजात चार वर्षं बकऱ्यांची मूत्रपिंडं वाटून त्यांचा अर्क काढला. त्यांत अमिनो आम्लं फोडणारं एक एन्झाइम असतं. प्रयोगशाळेत पुढ्यात टाकलं तर ते बरंच काही खातं. पण जिवंत शरीरात त्याच्या ताटात नेमकं काय पडतं, यावर तिची पीएच.डी. होती. अर्कात एकेक आम्ल टाकायचं, नळी गुलाबी झाली की समजायचं, हे खाल्लं. आधीच्या काहींना रंग आला, पण ती मूत्रपिंडात नव्हतीच; तेराव्यालाही आला. ते आम्ल मात्र मूत्रपिंडातही सापडलं, म्हणजे जिवंत शरीरात एन्झाइम हेच खातं.

तिचे मार्गदर्शक केशोराव सर यांनी तो शोध छापला. नावं दोनच, सरांचं आणि त्यांचा भाचा हिमांशूचं. या पठ्ठ्याने मूत्रपिंड ताटातसुद्धा पाहिलं नसेल. प्रेमिला विचारायला गेली, तर सर म्हणाले, नळ्या धुणाऱ्यांची नावं छापायला लागलो तर पान पुरायचं नाही. ती परत आली ती डूख धरूनच.

प्रबंध देण्याआधी तिने सरांनी वेळ नाही म्हणून गाळायला लावलेली एक चाचणी केली. अर्क उकळला. उकळलं की एन्झाइम मरतं, आणि मेलेलं काही खात नाही. तरी नळी गुलाबी झाली! रंग आम्लाच्या बाटलीतल्या भेसळीचा होता. शोध खोटा होता, सरांचा आणि तिचाही. तिला लाज वाटावी इतका आनंद झाला.

नवरा उमेंद्र कपाळाला हात लावून म्हणाला, "काऊन आपल्याच पायावर धोंडा मारून राहिली? तुही पीएच.डी.बी जाईन ना."

"जाऊ दे. तो सर कसा पडते, ते पाहाचं हाय मले."

महिन्याने कॉलेजात या शोधावर चर्चासत्र भरलं, बाहेरगावचे तज्ज्ञ आले, सरांचं भाषण झालं, आणि प्रेमिलाने दोन नळ्या टेबलावर ठेवल्या. एक ताज्या अर्काची, एक उकळलेल्या. दोन्ही सारख्याच गुलाबी. सभागृहात कुजबुज सुरू झाली. सर मुरलेले. त्यांनी खेदाने मान हलवली.

"प्रयोग सगळे प्रेमिलाचेच. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी विश्वास ठेवला, हीच माझी चूक."

याच वाक्यासाठी ती महिनाभर थांबली होती.

"सगळे माझेच ना, सर? मग लेखावर हिमांशूचं नाव कसं?"

सरांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. पहिल्या रांगेतल्या तज्ज्ञ बाईंनी वही उघडून तिचं नाव विचारलं. प्रेमिलाने ते बापाच्या नावासकट सावकाश सांगितलं, आणि लिहून होईपर्यंत सरांच्या तोंडाकडे पाहत राहिली.