लाल सवत

माझी सवत लाल रंगाची आहे. आमचे हे शहराच्या आगीच्या बंबावर ड्रायव्हर. मी तापाने फणफणले तरी कपाळाला हात लावणार नाहीत, पण बंबाचं इंजिन तापलं की ह्यांना घास गोड लागत नाही. जळायचे मी, खोटं कशाला बोलू?

शेजारच्या उपनगरात आमची लेक दिलेली. तिकडे बंबच नव्हता आणि इकडचा हद्द ओलांडत नसे. आग लागली की लोक बादल्या घेऊन धावायचे. मग दोन्हीकडच्या पालिकांनी मिळून संयुक्त मंडळ केलं. पाणी एक, कचरागाड्या एक, बंबही एकच. अर्धा आठवडा तो तिकडे राहणार आणि तिथला ड्रायव्हर चालवणार. तो ताडमाड उंच, म्हणून सगळे त्याला लंबू म्हणत. आमचे हे बुटके. बंब परत आला की सीट मागे सरकवलेली दिसायची आणि ह्यांचं तोंड एवढंसं व्हायचं.

"बघ, बसला होता तो!"

"मग काय उभ्याने चालवेल?"

मला मनातून उकळ्या फुटत होत्या. कळू दे म्हटलं, जळणं काय असतं ते.

एका सकाळी बंब तिकडे पाठवताना ह्यांनी सीट पुढे ओढून तारेने करकचून बांधली. घरी येऊन हसत हसत सांगितलं. मीही पोट धरून हसले.

त्याच दुपारी आमच्या लेकीच्या घराला आग लागली.

धापा टाकत पोचलो तेव्हा आग विझली होती. स्वयंपाकघर काळंठिक्कर, पण लेक आणि नातू सुखरूप. लंबू पायरीवर बसलेला, दोन्ही गुडघे सोललेले.

"दादा, सीट अडकलीय हो. सोडवत बसायला वेळ नव्हता. तसाच कोंबून बसलो झालं."

ह्यांनी पक्कड आणून तार तोडली, सीट पार मागे ढकलली.

"आता ही इथेच राहू दे," एवढंच म्हणाले. माझीही मान वर होईना.

हल्ली हे पाठीशी उशी घेऊन बंब चालवतात. सुट्टीच्या दिवशी हे आणि लंबू मिळून माझ्या सवतीला आंघोळ घालतात, खिदळतात, घरची आठवणसुद्धा येत नाही मेल्यांना. लंबूचा डबा मी आधी भरते, ते वेगळं. पण ती उशी कुणाची नेली, माहितेय? माझी!