हातात न दिलेली रोपं

पौषातल्या एका मंगळवारी सकाळी आत्याबाई गेल्या. रोपांवर पाणी शिंपडायला त्या आतल्या खोलीत गेल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्या बसलेल्याच होत्या. गोरेगावहून डॉक्टर आले. त्यांनी मनगट धरलं, मग सोडलं आणि घरात आणखी कोण आहे असं विचारलं. मी म्हटलं, मीच आहे.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. माझा नवरा हिंगोलीला नोकरीला, शनिवारी येतो. बाकीचे दिवस घरात आम्ही दोघीच असायचो. मी शाळेत शिकवते. लग्न होऊन आले तेव्हा माझ्याबरोबर पुस्तकांच्या दोन पेट्या होत्या. आतल्या खोलीच्या ज्या भिंतीपलीकडे चूल आहे, त्या उबदार भिंतीला लागून मी मांडणी उभी केली आणि पुस्तकं लावली. पहिल्याच हिवाळ्यात शाळेतून आले, तर खालच्या कप्प्यांतली पुस्तकं पलंगावर, आणि कप्प्यांत तेलाचे आडवे कापलेले डबे, माती आणि चाळलेल्या शेणखताने भरलेले. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "पुस्तकाला काय थंडी वाजून राहिली, सुनबाई? ह्या लेकरायला वाजते."

आमच्याकडे थंडी शिवरात्रीपर्यंत हलत नाही. उघड्यावर टाकलेलं मिरचीचं बी तोवर मातीत पडून राहतं. आत्याबाईंची रोपं तोवर चार बोटं वर आलेली असत, आणि ऊन तापू लागलं की गल्लीतल्या सगळ्या परसांत जात. बी त्या ओल्या फडक्यात बांधायच्या आणि ती पुरचुंडी नऊवारीच्या कनवटीला खोचून हिंडायच्या. अंगाच्या उबेने मोड लवकर येतो, असं त्यांचं म्हणणं. सेनगावला एका लग्नात पंगत बसलेली असताना त्यांनी वाटीभर कोमट पाणी मागवलं. बायकांना वाटलं, म्हातारीचं पोट बिघडलं. कुणी ओवा आणला. आत्याबाईंनी पाठ फिरवून फडकं भिजवलं, परत खोचलं आणि ओवाही खाल्ला. "आणलाच हाय तर काहून वाया घालवता," म्हणाल्या.

मिरची कुणाच्या हातात द्यायची नाही, भांडण होतं, हे इकडे सगळेच मानतात. आत्याबाई रोपांनाही तोच नियम लावत. जुडी जमिनीवर ठेवायच्या. घेणारीने वाकून उचलायची. बायका चिडवायच्या की मिरचीचं ठीक, पण वांग्यावरून कुणाचं वाजलंय आजवर? त्या हसायच्या नाहीत. कारण एका वर्षी शेजारच्या शेवंताबाईंनी घाईत वांग्याची जुडी हातातूनच ओढून घेतली होती, आणि महिनाभरात न्हाणीच्या सांडपाण्यावरून दोघींचं असं वाजलं की बोलणंच बंद झालं. सांडपाण्याची नाली पुढे ग्रामपंचायतीने बांधून दिली. बोलणं सुरू झालं नाही. आत्याबाईंच्या मते भांडण नालीचं नव्हतंच, रोपांचं होतं.

तरी दर वर्षी, वाटप सुरू व्हायच्या आधी, मिरचीची एक जुडी दोन घरांमधल्या कुडावर ठेवलेली असे. सकाळी ती तिथे नसे. शेवंताबाईंचं नाव आमच्या घरात कुणी घेत नसे. मी एकदा म्हटलं, आत्याबाई, बोलून टाका की. त्या म्हणाल्या, "बोलायचं काय त्यात? रोपं पोचली ना बराबर."

त्या गेल्या तेव्हा डब्यांत रोपं होती, दोन-दोन पानांवर. चुलतसासूने सांगितलं की सुतकात घरच्या माणसाने रोपांना हात लावायचा नाही, गेलेल्या माणसाबरोबर तीही जातात. मी असलं मानत नाही. पण त्या खोलीत मी गेलेही नाही. ओसरीवर बसून राहायचे. येणाऱ्या बायका रडायच्या, मी त्यांना पाणी द्यायचे. चूल पेटत नव्हती, त्यामुळे भिंतही गार होती. आत रोपं वाळत असणार हे मला कळत होतं. कळण्यापलीकडे काही होत नव्हतं.

मग एका दुपारी शेवंताबाई आल्या. त्या आमच्या भावकीतल्या नाहीत, त्यांना सुतक नाही. कुणाशी न बोलता त्या सरळ आतल्या खोलीत गेल्या. तांब्यातल्या पाण्यात बोटं बुडवून शिंपडल्याचा आवाज ओसरीवर ऐकू आला. त्या रोज येऊ लागल्या. दोन डब्यांतली रोपं गेली होती, बाकीच्यांनी मान वर काढली. चुलतसासू तोंडातल्या तोंडात काही म्हणाल्या, तेव्हा शेवंताबाईंनी ऐकवलं, "मला विटाळ न्हाई, आन् तुमाला उरक न्हाई. बसा तिथंच."

तेराव्यानंतर पाहुणे गेले, नवराही हिंगोलीला परतला. शेवंताबाईंनी डबे अंगणात कोवळ्या उन्हात मांडले आणि त्यांच्याजवळ बसल्या. मीही बसले. त्यांनी रोपांकडे बघतच विचारलं,

"पारू माझं नाव काढायची का कधी?"

आत्याबाईंना पारू म्हणणारं कुणी आहे, हे मला माहीत नव्हतं. होय म्हणणं सोपं होतं. मी म्हटलं, "नाही."

"वाईट बी न्हाई?"

"नाही. कधीच नाही."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मंग ठीक हाय," म्हणाल्या. "वाईट तरी न्हाई बोलली."

शिवरात्रीनंतर त्यांनीच रोपं वाटली. मला लावता येत नाही म्हटलं, तरी वांग्याची एक ओळ त्यांनी माझ्या परसात लावून दिली.

ती ओळ जगली आहे. शाळेतून आल्यावर मी तिला पाणी घालते. शेवंताबाई पलीकडून कधी काही सांगतात, कधी नुसत्या बघतात. मग मी घरात येते आणि एकीचा स्वयंपाक करते.