विकलेल्या गाडीचे शॉकअप

लडाखपर्यंत चालवलेली आणि गेल्याच महिन्यात विकलेली माझी मोटरसायकल आज गॅरेजात दिसली. पुढचे शॉकअप खोलून नवा मालक स्वतःच बसला होता. “काका, विकताना गळणारं तेल मस्त पुसलं होतंत हं!” तो हसला. पुसलं होतंच, भावही मनासारखा घेतला होता.

शॉकअपच्या नळीवरून तो नख फिरवू लागला. एका जागी ते अडलं. “हा ओरखडा तेल अडवणारं सील कापत होता.” बारीक पॉलिशपेपरने तो हळूच घासत राहिला. मी तिथे कधी बोटही लावलं नव्हतं. सौदा मीच जिंकलो होतो, तरी लुटला गेल्यासारखा जळत होतो. आपण टाकलेलं कुणी एवढ्या मायेनं हातात घेतलं की सोसवत नाही.

“जोडली की चक्कर मारा, काका.”

“मला वेळ नाही,” मी खेकसलो, आणि तो गाडी जोडेपर्यंत तिथंच उभा राहिलो.