रेघ बघणारे काका

"सही नोय बे ही, चितर हाये. कोनं इकली तुले?" गिऱ्हाइकाची बॅट परत देत काका म्हणाले.

खामगावातल्या त्यांच्या फ्रेमच्या दुकानाशी मी कॉलेजहून येताना बरेचदा रेंगाळते. खेळाडूची सही मढवायला आलेल्या माणसाला ती खरी की खोटी हे ते न विचारताच सांगतात. आधी ती उलटी धरतात. मग नाव वाचलं जात नाही, नुसती रेघ दिसते. "खेळाडू घाईत सही करते. नक्कल करनारा दर अक्षराले थांबते, तिथं शाई साचते." आवाज रस्त्यापर्यंत जातो. भीड कुणाचीच नाही.

काल मी पर्समधला फोटो अखेर काढला. एका फलंदाजाचा, खाली निळी सही. मी लहान असताना बाबांनी तो नागपूरहून आणला होता, सही समोर उभं राहून घेतली म्हणून सांगत. आता बाबा नाहीत आणि त्यांच्या हातचं एक अक्षरही घरात उरलेलं नाही.

काकांनी फोटो उलटा धरला. बराच वेळ बघितला.

"कोनं देला?"

"बाबांनी. ते गेले मागच्या वर्षी."

त्यांनी फोटो सुलटा केला, उगाच चष्मा पुसला आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "खरी हाये, बेटा."

मला बोलायला नेहमीच वेळ लागतो. ते काच कापायला वळले तेव्हा कुठे मी म्हटलं, "काका, खोटी असेल तर खोटी म्हणा ना. म्हणजे ती बाबांच्या हातची असेल."